तपासणीचा चहा

चाकणच्या त्या प्लेटिंग कारखान्यात धातूवर मुलामा चढवणाऱ्या निकेलच्या द्रावणाच्या टाकीची तपासणी होईपर्यंत लाइन थांबायची, आणि तेवढ्यात सगळ्यांचा चहा व्हायचा. केमिस्ट मिनल काचेच्या ब्युरेटमधून थेंबथेंब रसायन सोडायची; नमुन्याचा पिवळा रंग जांभळा होईपर्यंत बाहेर गप्पांना ऊत यायचा. आज तिनं शेठनी आणलेल्या नव्या मशीनमध्ये नमुना ठेवला, आणि अर्ध्या मिनिटात निकेलचा आकडा हजर! मिनलनं टाळीच वाजवली. दारात लाइनवरचे समाधानभाऊ मात्र भरली किटली घेऊन उभे. “झालंसुद्धा? मग ताई, हा चहा प्यायचा कधी?” एवढ्यात शेठच आत आले. भाऊंनी किटली पाठीमागे लपवली. शेठचाही एक हात पाठीमागेच होता. त्यांनी आकडा पाहिला, घड्याळ पाहिलं. “मशीन नवीन आहे, खात्रीसाठी जुन्या पद्धतीनंही एकदा बघ,” म्हणत त्यांनी रिकामा कप पुढे केला. “आणि मिनल, थेंब सावकाश सोड.”