पोट उतरवायची घाई

“काका, लग्नबिग्न ठरलंय की काय?” कमरेचा टेप गुंडाळत जिमचा ट्रेनर हसला. बसड्रायव्हर काकांनी ट्रेडमिलचा वेग वाढवला. दीड महिना घाम गाळूनही पोट आगंतुक पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलं होतं आणि हातात शेवटचे आठ दिवस उरले होते.

धाप लागून ते वाकले तसा ट्रेनर घाबरला. “अहो, जिवावर उदार होऊ नका! पोट काय पळून जातंय?”

“पोट नाही रे, दिवस पळतायत.”

आठव्या दिवशी तपासणीच्या खोलीतून बाहेर येताच त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.



“ताई, तू भरवून भरवून चढवलेली चरबी उतरली गं! डॉक्टर म्हणाले, आता माझ्या लिव्हरचा तुकडा तुला चालेल.”