कागदाचा मंडप

भूकंपात नोतोच्या जपानी किनाऱ्यावरचं बुद्धाचं देऊळ पडलं. गाऊन सांगायच्या प्रवचनांत खंड नको म्हणून चिनात्सु या तरुण वास्तुविशारद बाईंनी कागदी नळ्यांचा मंडप उभारला. तात्पुरता, नवं देऊळ होईपर्यंतच. गावातल्या इसोए आजींनी एकेक खांब काठीने ठोकून पाहिला.

"कागदात मासळी बांधतात, बाई, देव नाही! पावसात टिकेल?"

"टिकेल, आजी. मेण दिलंय."

"आणि बर्फात?"

"कमरेएवढा पडू दे की!"

आजींचे डोळे आणखीच बारीक झाले. "खरं सांगा, किती वर्षं?"

"पन्नास वर्षं बघायला नको!" चिनात्सु फुशारकीने म्हणाल्या.

 

आजी मटकन खाली बसल्या. "तरीच! म्हणजे आमचं देऊळ बांधायचं कुणाच्या मनातच नाही!"