शिफारस मान्य

"तुमच्या सगळ्या शिफारशी आम्हाला मान्य आहेत," पडद्यावरच्या बाई हसून इंग्रजीत म्हणाल्या. इतकं सहज मान्य होणारं काही इलाने लिहिलंच नव्हतं.

अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये संध्याकाळ होती, मेलबर्नमध्ये सकाळ. बाई मेलबर्नमधल्या, वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका मोठ्या संस्थेच्या प्रमुख. संस्थेतली म्हातारी माणसं रात्री पडत होती, बेल वाजवत राहत होती आणि कोणी फिरकत नव्हतं. बोभाटा झाल्यावर संस्थेने स्वतःच पैसे मोजून अमेरिकेतल्या संशोधकांकडून चौकशी करवून घेतली. ती इलाने केली. पहिली शिफारस शेंबड्या पोरालाही कळेल अशी होती: रात्री प्रत्येक मजल्यावर एक नर्स ठेवा.

"मग नर्स कधीपासून?" इलाने विचारलं.

"आधी रात्रीच्या गरजांचा सखोल अभ्यास हवा. तीन वर्षांचा. तो तुम्हीच करावा, अशी आमची इच्छा आहे."

पडदा काळा झाला तसा केदार, इलाचा बॉस, खुर्चीतून उठलाच. "तीन वर्षं, यार! तुझा व्हिसाचा प्रश्न सुटला. उद्याच एक्स्टेन्शन फाइल करतो."

"केदार, अभ्यास झालाय. नर्स हवी. यात अजून काय शोधायचं?"

"त्यांनी अ‍ॅक्सेप्ट केलंय ना? मग झालं तर. आणि तू नाही म्हणालीस तर दुसरं कोणीतरी करेल. तू मात्र दोन महिन्यांत पुण्यात."

तो खोटं बोलत नव्हता, याचाच तिला संताप आला. संस्था सुधारली असती तर इलाची नोकरी गेली असती. संस्था ढिम्म राहिली म्हणून नोकरी टिकली. जाब विचारायला निघालेली इला त्यांच्याच पगारावर बसली होती.

केदार व्हिसाच्या वकिलाला फोन लावायला बाहेर गेला. तेवढ्यात इलाचा फोन वाजला. मेलबर्नच्या सरलाकाकू. त्यांचे यजमान त्याच आश्रमात होते, पडून खुब्याचं हाड मोडलेले. चौकशीत बाकीच्या म्हाताऱ्यांचे नातेवाईक घाबरून गप्प बसले, तेव्हा काकू इलाशी बेधडक बोलल्या होत्या. आज निकाल आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"काय झालं गं?"

"मान्य झाली, काकू. आपली शिफारस." तिला स्वतःचाच आवाज त्या बाईंसारखा वाटला.

"देव पावला बाई! अगं, हे पडल्यापासून रोज रात्री मी इथेच, यांच्या खोलीत खुर्चीवर झोपते. पाठ पार गेली बघ. मग आज जाऊ ना घरी झोपायला?"

काचेपलीकडून केदार अंगठा वर करून दाखवत होता.

"नको, काकू," इला म्हणाली. "खुर्ची सोडू नका."