खालचे दोन मणके

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी शाल्मली आत्याच्या पाया पडायला वाकली. लगेच तिच्या पाठीतल्या सळईनं फोनवर कळवलं: वाकणं, दुसऱ्यांदा.

वाकडा कणा सरळ करून एकोणीसच दिवस झाले होते. आणखी एकदा वाकली, तर मोकळे ठेवलेले खालचे दोन मणकेही सळई आपणहून कायमचे जखडणार होती. मग खो-खो संपला.

"अगं, वाकलीस कशाला?" आई ओरडली.

"तूच खुणावलंस ना!"

"वन्सं, तुम्ही आता जाऊच नका. निघताना ही पुन्हा वाकेल."

"बरं, मग कढी कर," म्हणत आत्या ऐसपैस बसली.

शाल्मली येरझाऱ्या घालत राहिली. पावणेअकराला बेल वाजली. दारात आजोबा होते. तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, पण मान झुकायला लागली होती.