दीड ओवी

"पाच मिनिटं," पोलीस जमादार माणिकराव तिसऱ्यांदा म्हणाले. "शिट्टी मारली, पांगा म्हणून ओरडून सांगतलं, पाच मिनिटं वाट पाह्यली. मंगच लाठी उचलली, साहेब."

चौकशीला आलेल्या साहेबांनी मान वर केली नाही. कोरड्या तलावाच्या पोटातच तंबू ठोकला होता. वैशाखाचं ऊन कापडातून आत झिरपत होतं आणि कारकुनाच्या टाकावरची शाई ओळ संपायच्या आत सुकत होती. तलाव खोदायचं दुष्काळी काम बंद होणार म्हणून पन्नासेक माणसं ओव्हरसियरच्या जीपपुढे बसली, रिसोडहून पोलीस आले, लाठी चालली. त्याला आज अकरा दिवस. अकरा दिवस गावोगावच्या पारावर तेवढंच एक भांडण होतं.

तंबूबाहेरही तेच. शेषराव मास्तर हातातला पेपर हलवत होते. "रिकाम्या हाताच्या माणसावर लाठी काहून चालवली, थे सांगा!"

"रिकाम्या हाताच्या?" जानराव पाटील म्हणाले. "टिकास, फावडे नव्हते का हातात?"

"मंग तलाव काय नखानं खंदतेत, पाटील?" रुखमाबाई गर्दीतून बोलली. "दाखवा बरं एक दिवस खंदून!"

हसू उठलं आणि लगेच विझलं. कोणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता.

"भागिरथा इंद्रभान," कारकुनानं पुकारलं.

ती आत आली. चोळीच्या वर मानेपाशी वळ दिसत होता, कडेनं पिवळा पडत चाललेला. तिचा नवरा इंद्रभान कोठडीत होता. तिच्या पाठीवर दुसऱ्यांदा येणारी लाठी त्यानं मधेच हातात धरली होती. कागदावर त्या धरण्याचं नाव झालं होतं, पोलिसावर हल्ला.

"बाई, नीट ऐका," साहेब म्हणाले. "पाच मिनिटं दिली असतील तर तुम्ही लोकांनी हुकूम मोडला, असं होतं. मग तुमच्या नवऱ्यावरचा गुन्हा निघत नाही. समजलं? शिट्टी ऐकली होती?"

"ऐकली."

"मग पळाला का नाहीत?"

"मी काई बसेल नव्हती जीपपुढं. कामावर होती. डोक्यावर टोपलं होतं."

"टाकून द्यायचं."

दारातल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. भागिरथानं साहेबांकडे जरा मायेनंच पाहिलं, जसं कधी रानात न गेलेल्या लेकराकडे पाहावं.

"वाटेत माती नाई टाकत, साहेब. मांगं वच्छला होती, सातव्या महिन्यातली. तिच्याबी डोक्यावर वझं. ढेकळावरून पाय सरकला असता तिचा. माती पाळीवरच टाका लागते."

"त्या बांधावर, पाळीवर जायला किती वेळ लागतो?"

"तीन ओव्या."

जमादार हसले. "घ्या! आता सरकारी कागदावर ओव्या लिवा."

"आमच्यापाशी घडी नाई, जमादार," ती म्हणाली. "खड्ड्यापासून पाळीपरेंत तीन ओव्या होतात. रोज होतात. शिट्टी झाली तवा मी खड्ड्यातून निघाली, पयली लावली. दुसरी अर्धी झाली अन् पाठीत लाठी बसली. दीड ओवी. आता पाच मिनिटात किती ओव्या बसतेत, थे तुमीच सांगा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मनगटावरचं घड्याळ सोडलं, तळहातावर घेतलं आणि तंबूबाहेर आले. कारकून कागद-दौत घेऊन मागोमाग निघाला.

"टोपलं आणा. भरून."

"साहेब," जमादार मागून आले, "आज थे बाई मुद्दाम घाईनं म्हणन."

"वझं घाई करू देते काय?" रुखमाबाई म्हणाली. "या, तुमच्या डोक्यावर देतो. चढून दाखवा."

भागिरथानं पदराची चुंबळ केली. दोघींनी टोपलं उचलून दिलं. ती खड्ड्यात उतरली, वळली, उभी राहिली. मास्तरांचा पेपर थांबला.

साहेबांच्या खुणेवर जमादारांनी शिट्टी वाजवली. गर्दीतलं कोणीतरी दचकून दोन पावलं मागं सरलं.

ती चालू लागली. दोन्ही हात वर, टोपल्याच्या काठाला. आवाज आधी कोरडा निघाला, मग पावलांना मिळाला.

*माती वाहू बाई, पाळ चढवू गं वर,*
*येईन येईन पाणी, भरन गं काठावर.*

चढ लागला. पाऊल जड पडलं, तसा शब्दही लांबला. एक ओवी झाली. तिनं श्वास घेतला.

*दूर गेल्या पाखरा, ये रे माघारी घरा,*

आणि ती थांबली. चढाच्या मधोमध, सगळ्यांकडे पाठ करून. तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं. मान खांद्यात गेली, पाठ आतल्या आत आवळली, पण हात टोपल्यावरून निघाले नाहीत. तिच्यामागं चढावर कोणीच नव्हतं.

साहेबांनी घड्याळात पाहिलं. सेकंदकाटा अर्ध्या फेरीच्या थोडाच पुढे गेला होता. त्यांनी घड्याळ जमादारांपुढे धरलं. जमादार उन्हाकडे पाहत राहिले.

साहेब कारकुनाकडे वळले. "लिहा." कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि जमादारांकडे पाहिलं. टाकाच्या टोकावर शाई सुकू लागली.

"लवकर लिवा, साहेब," वरून भागिरथाचा आवाज आला. तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं. "वझं अजून डोक्यावर हाय."