विसावं पिंप

दहाव्या पिंपातही डासाची एक जिवंत अळी निघाली नाही. डॉक्टर इवानिल्दानं जाळी पुन्हा बुडवली, पुन्हा उचलली. शून्य. गल्लीत टाळ्या पडल्या. पिंपाची मालकीण नेउमा अशी लाजली, जणू शून्य तिनं स्वतःच्या हातानं रांधलं होतं.

नऊ वर्षं. आलेक्रीमच्या रानझुडपाचं अळ्या मारणारं तेल पाण्यावर नुसतंच तरंगायचं आणि उन्हात उडून जायचं. इवानिल्दानं ते चरबीच्या इतक्या बारीक कणांत कोंडलं की पाण्यात ते दिसेनासे झाले. अळी कण खाऊ समजून गिळते आणि तासाभरात आटोपते. प्रयोगशाळेतल्या पेल्यांत शंभरातल्या शंभर मेल्या होत्या. पण राजधानी ब्रासिलियाहून प्रत्येक वेळी तेच उत्तर यायचं: "पेल्यात कोणी राहत नाही. घरात करून दाखवा." आज दाखवायचं होतं. नाही जमलं तर प्रयोगशाळेच्या जागी वाहनतळ होणार होता. त्याचा नकाशाही तयार होता.

सेरा राज्यातल्या या गावात नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येतं, म्हणून दारोदार पिंप. वीस घरं निवडली होती. दहा पिंपांत औषधाचे थेंब, दहांत साधं पाणी. दर तीन दिवसांनी प्रत्येक पिंपात मोजून तीनशे अळ्या सोडल्या. पंधरा दिवस. बायकांना एकच ताकीद होती: पिंपात दुसरं काही टाकायचं नाही.

"आता साधी पिंपं," निरीक्षक एलॉइसाबाई यादीवर बोट ठेवून म्हणाल्या. त्या ब्रासिलियाहून आल्या होत्या आणि अजून एकदाही हसल्या नव्हत्या. "यांत अळ्या वळवळायला हव्यात. नाहीतर पहिल्या दहांना अर्थ नाही."

"वळवळतील हो!" इवानिल्दा जवळजवळ नाचतच पलीकडच्या दारात गेली.

अकरावं पिंप म्हाताऱ्या लिंदालवाचं. इवानिल्दानं जाळी बुडवली. शून्य.

बारावं. शून्य. तेरावं. शून्य. विसाव्यापर्यंत टाळ्या थांबल्या होत्या. साध्या पाण्यानंही अळ्या मरत असतील, तर औषध कशाला? एलॉइसाबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

इवानिल्दा परत लिंदालवाच्या दाराशी आली. "आजी, पिंपात काही टाकलं होतंत?"

"मी? या पांढऱ्या केसांची शपथ!"

तेवढ्यात आत, स्वयंपाकघरातल्या पातेल्यात, डुबुक असा आवाज झाला.

लिंदालवानं आभाळाकडे पाहिलं. सगळी गल्लीच आभाळाकडे पाहू लागली.

"पियाबा आहे," शेवटी म्हातारी म्हणाली. "एवढासा मासा. अंगठ्याएवढा."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अगं पोरी, मासा नसलेलं पाणी कोण ठेवतं? माझ्या आजीच्या पिंपातही होता. तू नको म्हणालीस, म्हणून तू यायच्या वेळी काढून ठेवत होते. म्हटलं, शिकलेल्या माणसाचा मान राखावा."

"आणि बाकीच्या घरांत?"

बाकीच्या घरांतून पातेली, बादल्या, एक आइस्क्रीमचा डबा निमूटपणे बाहेर आले. वीस घरं, वीस मासे.

इवानिल्दा पायरीवर बसली. नऊ वर्षं आणि अंगठ्याएवढा मासा. एलॉइसाबाई लिहू लागल्या. 'प्रयोग' हा शब्द त्यांनी लिहिला, पुढचा शब्द 'फसला' असणार, हे इवानिल्दाला समोरून उलट्या अक्षरांतही कळत होतं.

लिंदालवाला वाईट वाटलं. तिनं पातेलं इवानिल्दाच्या मांडीवर ठेवलं. "रडू नकोस. माझा बघ कसा झालाय! पंधरा दिवसांत असा गरगरीत, जसा निवडून आलेला नगरसेवक. नाहीतर त्या नेउमाचा. नुसता काटा! जीव लावायलाही दानत लागते."

"दानत काढू नकोस, लिंदालवा!" समोरून आवाज आला.

"काढणार! तुझाच नाही, तुमच्या दहाही घरांतले मासे मरतुकडे. आपण खायचं आणि मुक्या जिवाला उपाशी मारायचं!"

इवानिल्दानं मान वर केली. पायरीवर ओळीनं मांडलेल्या भांड्यांत तिनं पाहिलं. नगरसेवक, नगरसेवक, काटा. काटा, नगरसेवक. ती उठली. हातातलं पातेलं हिंदकळलं, तिचे बूट भिजले, तिला कळलंही नाही.

"नेउमा," तिचा आवाज चिरकला, "तुमचा मासा का वाळला?"

एलॉइसाबाईंचं पेन दुसऱ्या शब्दावरच थांबलं.

नेउमा कंबरेवर हात ठेवून भर गल्लीत उभी राहिली. पंधरा दिवसांचा राग तिच्या नाकावर होता. तिच्या आइस्क्रीमच्या डब्यातला मासा रोज मिळणाऱ्या कुसकुसाच्या, म्हणजे मक्याच्या वाफवलेल्या रव्याच्या, कणाच्या आशेनं पाण्याबाहेर उड्या मारत होता.

"मला काय विचारता, डॉक्टरीणबाई? माझ्या ताटातला घास रोज त्याला घालतेय, म्हणून जगलाय तो! तुमचे ते थेंब पडल्यापासून त्या पिंपात त्याला खायला काही उरलंय का?"