हळदीचा अंगठा

"मॅडम, मुखपृष्ठाचा दुसरा फोटो काढा ना. यात माझा अंगठा दिसतो."

भाजी ढवळता ढवळता कावेरीनं ते पुस्तक वाचलं होतं आणि मुखपृष्ठावर तिच्या अंगठ्याचा हळदीचा ठसा उमटला होता. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं आठवीची मुलं एका साइटवर नोंदवत होती. जगभरचे वाचक तिथं आपापल्या पुस्तकांची कपाटं मांडतात. या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं चित्र मात्र तिथं नव्हतंच.

"असू दे," इंगोले मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडे एकच प्रत आहे."

महिन्याभरानं कॉम्प्युटरच्या तासाला कावेरीनं साइटवर त्या पुस्तकाचं पान उघडलं. नैरोबी, टोरांटो, नॉर्वेतलं कुठलंसं गाव. ज्यांच्याकडे हे पुस्तक होतं, त्या सगळ्यांच्या कपाटात तिचा अंगठा.

"हा तिकडे कसा गेला?"

"पहिला फोटो आपला ना," मॅडम म्हणाल्या. "आता सगळ्यांना तोच दिसतो."

खाली टोरांटोच्या एका आजींनी मराठीत लिहिलं होतं, 'माझ्या प्रतीचं मुखपृष्ठ लहानपणीच फाटलं होतं. आज पुन्हा पाहिलं. हा हळदीचा अंगठा कुणाचा?'

कावेरीनं हात ओढणीला स्वच्छ पुसला आणि मगच कीबोर्डवर ठेवला.